अठ्ठ्याऐंशी किलो वाळू

“मग दोष टायरचा की स्प्रिंगचा, तेवढं एकदा सांगा की वस्ताद.”

वस्ताद गाडीच्या पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले होते आणि मडगार्डमध्ये अडकलेली उसाची पात काढत होते. एक पात काढायची, बाजूला ठेवायची. मग दुसरी.

“टायर नवे. स्प्रिंगा नव्या. शॉकअप नवे. मागं स्प्रिंगच्या पाट्यांत एक पाटा जादा घातला. सगळं चिठ्ठीबरहुकूम. तरी गाडी केर्लीच्या वळणावर उसात जाती म्हणजे काय?”

“उसात तू गेलास,” वस्ताद म्हणाले. “गाडी तुझ्याबरोबर आली.”

मी पँटला लागलेला चिखल झटकला.

“लागलं कुठं?”

“न्हाई.”

“उसाला?”

“चार-पाच मोडले.”

“मालकाला सांगून आलास?”

मी ‘हो’ म्हणून मान हलवली. सांगून आलो नव्हतो. वस्तादांना ते कळलं. त्यांनी हात लांब करून गाडीची किल्ली काढली आणि शर्टाच्या वरच्या खिशात टाकली.

“रविवारी घाट हाय वस्ताद. आज शुक्रवार.”

“वार मला बी कळत्यात.”

दस्तगीर वस्तादांचं गॅरेज उद्यमनगरात आहे. वय सत्तरच्या पुढं. आमच्या कोल्हापुरात वस्ताद म्हणजे तालमीतला, पण हे कधी लाल मातीत उतरले नाहीत. अण्णा त्यांच्याकडं काम शिकला आणि त्यांना वस्ताद म्हणायला लागला, म्हणून मीही म्हणतो.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, भरतेश. फौंड्रीत साचे करायचा. रोज संध्याकाळी आणि रविवारी वस्तादांच्या गॅरेजात असायचा.

गाडी त्याची. दोन सीटची, विलायती, चौसष्ट सालची, बाटलीच्या काचेसारखी हिरवी. सांगलीच्या एका डॉक्टरांच्या गोठ्यात पडली होती. आणायला गेलो तेव्हा आत कोंबडीनं अंडी घातली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाडी न्या, कोंबडी ठेवा.

सात वर्षं अण्णानं ती जुळवली. इंजिन झालं, रंग झाला. राहिलं ते खालचं काम. गगनबावड्याच्या घाटात जुन्या गाड्यांची चढणीची शर्यत असते, त्यात ती पळवायची होती. नाव घातलं होतं. नंबर मिळाला होता एकतीस. अण्णानं कामाची चिठ्ठी लिहून भिंतीला चिकटवली, गाडी चार घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, चढवली, चाकं काढली.

आणि मार्चात अण्णा गेला. फौंड्रीतून घरी आला, पायरीवर बसला आणि पाणी मागितलं. मी आत गेलो. माठात पाणी थोडं होतं, तांब्या तिरका करून भरत बसलो. बाहेर आलो तर...

चौतीस वर्षांचा होता.

तेव्हापासून मी सगळं पळत करतो.

गाडी पाच महिने घोड्यांवर होती. चढणीवाल्यांनी कळवलं, भावाच्या जागी भाऊ चालेल. मी चार दिवस कामावर गेलो नाही आणि चिठ्ठीतलं सगळं एकट्यानं केलं. वस्ताद मुलीकडं मिरजेला गेले होते. ते येईपर्यंत गाडी खाली उतरवून रस्त्यावर काढलीसुद्धा.

पुढचं सांगितलंच आहे.

वस्ताद उठले. गुडघ्यावर हात ठेवून, दोन टप्प्यांत उठले.

“मडगार्ड दाब.”

मी दोन्ही हात ठेवून जोर लावला. गाडी थोडी खाली गेली, कुरकुरली आणि परत वर आली.

“टायर आणि मडगार्डमध्ये बोटं घाल. किती बसत्यात?”

“पाच. पाचाला सैल.”

“अण्णा किती म्हणायचा?”

“तीन.”

“हं.”

मला तेव्हाच सुचायला पाहिजे होतं. सुचलं ते भलतंच.

“म्हणजे स्प्रिंगच चुकीची आली! उंच आली. तरीच गाडी वळणावर झुलती. वस्ताद, एक वेढा कापून टाकतो. दहा मिनिटांचं काम हाय.”

मी ग्राइंडर उचललासुद्धा. बटण दाबलं. चालू झाला नाही. परत दाबलं.

मागं बघितलं तर वस्तादांच्या हातात वायर होती. प्लग काढून ते शांत उभे होते.

“कापलेलं परत जोडता येतं?” त्यांनी विचारलं.

“न्हाई.”

“मग खाली ठेव त्ये. आणि ढकल गाडी. खड्ड्यावर घे.”

गॅरेजच्या मध्यभागी खड्डा आहे. गाडी वर उभी करायची आणि माणसानं खड्ड्यात उतरून खालून काम करायचं. मी एकट्यानं ढकलली. वस्तादांनी स्टेअरिंग धरलं. खड्ड्याच्या दोन्ही कडांवर चाकं बरोबर आली, इकडं बोटभर नाही की तिकडं बोटभर नाही.

ते पायऱ्या उतरले. पाचवी पायरी तुटकी आहे, तिथं न बघता पाय टाळला.

“सतराचा पाना दे.”

मी दिला.

“ह्यो न्हवं. निळ्या पट्टीचा.”

निळी पट्टी गुंडाळलेला पाना अण्णाचा होता. खिळ्यावरच होता. चार दिवसांत मी त्याला हात लावला नव्हता, दुसरा वापरला होता. तो काढून मी खड्ड्यात दिला.

“लांब हो आता. गाडीला हात लावू नको.”

मी लांब झालो. खालून नट सैल होण्याचा आवाज आला. कर्र. मग आणखी एक. वस्ताद नट काढत नव्हते, नुसता सैल करून पुढच्याकडं जात होते. डावीकडचे झाले. उजवीकडचे झाले. मग मागच्या पाट्यांचे.

शेवटचा नट सुटला आणि गाडी खाली बसली.

कुणी हात लावला नव्हता. खाली बसताना आवाज आला, दिवसभर डोक्यावर भारा घेतलेलं माणूस ओट्यावर टेकतं तसा.

वस्ताद खड्ड्यातूनच म्हणाले, “बोटं घाल.”

मी घातली.

“किती?”

“...तीन.”

“स्प्रिंग कापायची?”

माझा चेहरा तापला. आता सगळं कळलं होतं. गाडीखाली जिथं दोन लोखंडं हलतात तिथं मध्ये रबराचा बुश असतो. त्याचा नट गाडी हवेत असताना पक्का आवळायचा नसतो. हवेत आवळला की रबर त्याच जागी धरून बसतं. मग गाडी जमिनीवर आली तरी ते पिळलेलंच राहतं आणि गाडीला वर ओढतं. खड्डा लागला, वळण आलं, की गाडी स्प्रिंगवर चालत नाही, त्या पिळावर चालते.

नवा पोरगा पहिल्या महिन्यात हे शिकतो. हवेत बसवायचं, जमिनीवर आवळायचं.

“अण्णानं सांगितलं न्हवतं?”

“सांगितलं होतं.”

“मग?”

“माहीत होतं वस्ताद. हात थांबला न्हाई. नट बसला की आवळला, बसला की आवळला. जोर लावून. पान्यावर पाइप घालून.”

“कळलं मला. सोडताना माझा खांदा निघाला.”

खड्ड्यात ते नट फडक्यानं पुसायला लागले.

“जुन्या टायरवर असतास तर कळलं बी नसतं,” ते म्हणाले. “जुनं टायर घसरतं. घसरलं की चूक झाकती. हे नवं टायर रुंद. ह्ये धरतं. धरणारं टायर घातलं की बाकीचं लपत न्हाई.”

“मग आता आवळा की खाली बसलीय तर.”

“असंच?”

मी थांबलो. चिठ्ठीत सहावी ओळ होती. ती मला पाठ होती. शाळा मी नववीत सोडली, वाचायला वेळ लागतो, पण ती चिठ्ठी मी पाच महिने वाचत होतो.

‘६. सीटवर ८८ वजन टाकून शेवटचं आवळणे.’

दोनच सीटची हलकी गाडी. चालवणारा बसला की एका बाजूला बोटभर दबते. म्हणून चालवणाऱ्याचं वजन सीटवर ठेवूनच शेवटचं आवळायचं. अण्णानं त्यासाठी स्वतःच्या वजनाइतकी फौंड्रीतली वाळू दोन पोत्यांत भरून ठेवली होती, प्रत्येकी चव्वेचाळीस. पोत्यांवर खडूनं आकडा लिहिला होता. त्याच्याच हातचा.

कोपऱ्यातून मी पहिलं पोतं उचललं आणि सीटवर ठेवलं. दुसरं त्याच्यावर ठेवलं. पडू नये म्हणून पाठीला टेकवलं. सरळ बसवलं.

लांबून बघितलं तर...

मी लांबून बघायला नको होतं.

वस्ताद खड्ड्यातून वर आले होते. पायरीवर उभे होते. त्यांचं डोकं दरवाजाच्या बरोबरीला होतं.

“किती?”

“अठ्ठ्याऐंशी.”

“तू किती?”

“माझं काय विचारताय?”

“किती?”

“छप्पन्न.”

“रविवारी गाडी कोण चालवणार?”

“मीच.”

“मग?”

“चिठ्ठीत अठ्ठ्याऐंशी लिहिलंय.”

“चिठ्ठी बरोबर हाय. माणूस बदललाय.”

“चिठ्ठी बदलायची न्हाई वस्ताद.”

“चिठ्ठीला कोण हात लावतंय? पोती काढ म्हणतोय.”

“न्हाई काढणार.”

“पारस.”

“न्हाई काढणार! त्यानं लिहिलंय तसंच करणार. एक ओळ राहिलीय. पाच ओळी मी केल्या, सहावी तुम्ही मोडताय. तुम्हाला काय जातंय? तुम्ही उसातनं आला न्हाई. तुमचा कोण होता त्यो? गिऱ्हाईक! फुकटात काम करणारा गडी!”

बोललो आणि कान बंद झाल्यासारखे झाले. शेजारच्या शेडमधलं लेथ मशीन चालू होतं, तेवढंच ऐकू येत होतं.

वस्तादांनी पान्यावरची निळी पट्टी जरा सुटली होती ती अंगठ्यानं दाबून बसवली.

“खांदा द्यायला कोण होतं, आठवतं?”

मी वाकून ग्राइंडरची वायर गुंडाळायला लागलो.

“पुढं डावीकडं तू. उजवीकडं मी. तुझी उंची कमी, म्हणून मी वाकून चाललो. पंचगंगेपर्यंत.”

मी वायर खाली ठेवली.

“त्ये वजन दोघांनी उचललं, पारस. दोघांनी उतरवलं.” त्यांनी पोत्यांकडं मान केली. “हे तुला एकट्यालाच उतरवायला लागंल. माझा खांदा निघालाय, तुझ्या पाइपानं.”

मी तसाच उभा राहिलो. शेजारचं लेथ मशीन बंद झालं, परत चालू झालं.

मग वरचं पोतं काढलं. दोन्ही हातांनी धरून काढलं. खाली टाकलं नाही, ठेवलं. दुसरं काढताना आकडा माझ्या शर्टाला लागला आणि पुसला. पोत्यावर नुसता एक चार राहिला.

“बस,” वस्ताद म्हणाले.

मी दार उघडून बसलो. बसताना सवयीनं उशी ओढून पाठीमागं घेतली.

“ती काय?”

“उशी.”

“ती दिसती. कशाला?”

“पाय पोचत न्हाईत. सीट मागं हाय.”

“सीट पुढं येत न्हाई?”

“येती.”

“मग?”

मी स्टेअरिंगकडं बघत राहिलो. अण्णा उंच होता. सीटच्या पट्टीला खाचा आहेत, सीट त्याच्या खाचेत होती. सहाव्या. त्याचे पाय त्या खाचेतून ब्रेकला पोचायचे. चार दिवस मी गाडीखालचं सगळं बदललं. टायर काढून टाकले, स्प्रिंगा काढून टाकल्या, एक लोखंड जुनं ठेवलं नाही. ती खाच तेवढी हलवली नव्हती.

“केर्लीच्या वळणावर ब्रेक दाबलास?”

“दाबला.”

“पूर्ण?”

“उशी सरकली.”

वस्तादांनी डोळे मिटले, उघडले.

“आईला सांगितलंस ह्ये?”

“न्हाई.”

“सांगू बी नको. उशी दे.”

मी दिली. त्यांनी ती खड्ड्याच्या कडेला ठेवली.

सीटचा खटका खाली उजव्या हाताला असतो. त्यावर बोट ठेवलं. थंड होता.

“वस्ताद, खूण करू का? सहावी हाय.”

“कर.”

खडू त्यांच्याच कानावर होता, तो त्यांनी पुढं केला. मी वाकून पट्टीवर सहाव्या खाचेपाशी रेघ ओढली. खडू तुटेपर्यंत दाबून ओढली.

मग खटका वर केला. सीट हलली नाही. सात वर्षं कुणी हलवली नव्हती. मी पाय जमिनीला लावून अंगानं झटका दिला. दोन झटके दिले. तिसऱ्याला सुटली. पाचवी, चौथी, आणि तिसऱ्या खाचेत खट करून बसली.

ब्रेकवर पाय ठेवला. पूर्ण गेला. गुडघा वाकलेला राहिला.

वस्तादांनी वरच्या खिशातून किल्ली काढली, दारातून हात घालून लावली. फिरवली नाही. पायऱ्या उतरून खड्ड्यात गेले. तुटकी पायरी टाळली.

खालून आवाज आला.

“बसलास?”

“बसलो.”

“हात मांडीवर. दाराला धरू नको.”

मी दार धरलं होतं. सोडलं. पाठ टेकली. पाय ढिले सोडले. गाडी माझ्या बाजूनं जराशी खाली गेली. बोटभर नसेल, पण गेली. ते मला कळलं. अण्णा बसला की दिसायची तेवढी नाही. माझ्यापुरती गेली.

समोर भिंतीवर चिठ्ठी होती. सीट पुढं आल्यामुळं आता जवळ आली होती. तिथून अक्षरं स्पष्ट दिसत होती. आवळणेमधला ळ त्यानं नेहमीसारखा पोट मोठं करून काढला होता. मी तो ळ बघत होतो, आणि मग दिसेना.

पहिल्यांदा खांदे हलले. मग सगळं अंग. आवाज बाहेर येऊ नये म्हणून मी दात आवळले, तर ते जास्तच हलायला लागलं. पाच महिन्यांत हे झालं नव्हतं. वेळच दिला नव्हता. माझ्याबरोबर सीट हलत होती, सीटबरोबर गाडी हलत होती. नव्या स्प्रिंगा माझ्या प्रत्येक हुंदक्याला वरखाली होत होत्या.

खाली पाना नटावर चढवल्याचा आवाज आला होता. नट फिरल्याचा आला नाही.

मी वाट बघितली. बाहीनं तोंड पुसलं.

“आवळा की वस्ताद...”

खड्ड्यातून पाना दगडावर ठेवल्याचा आवाज आला. वस्ताद खाली बसले असावेत.

“हलून घे आधी,” ते म्हणाले. “मग आवळू.”